ऑनलाइन खरेदीच्या काळातील शहापूरचा साडीबाजार

बेळगावच्या शहापूर भागातील खडेबाजारात साड्यांची दुकाने दाटीने उभी आहेत, आणि घरात लग्न ठरले की खानापूर-चंदगडपासून गोव्यापर्यंतची माणसे बस्ता बांधायला येथे येतात. आमच्या घरच्या कार्याचा बस्ताही नुकताच येथे बांधला. त्याआधी मुलींनी काही साड्या मोबाइलवरून मागवल्या होत्या, त्यामुळे दोन्ही खरेदी शेजारी ठेवून पाहता आल्या.

सर्वांत मोठा फरक इरकल साडीत दिसला. अस्सल हातमागाच्या इरकलमध्ये अंगाचा आणि पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो. पदराचे लाल रेशमी धागे अंगाच्या धाग्यांत फासे अडकवून जोडलेले असतात आणि त्या जोडणीला टोपे तेनी म्हणतात. साडी उलटी करून पदराजवळ बोट फिरवले की ती जोडणी हाताला लागते. मोबाइलवरच्या छायाचित्रात हे कळण्याची सोयच नाही. मागवलेल्या साडीवर ‘इरकल’ असे लिहिलेले होते, प्रत्यक्षात मात्र ती यंत्रमागावरची, सलग ताण्याची आणि कृत्रिम रेशमाची निघाली. शहापूरच्या दुकानदाराने विचारण्याआधीच हातमागाची आणि यंत्रमागाची साडी शेजारी उलगडून दाखवली, दोहोंच्या किमतींतला फरक सांगितला आणि रोज नेसायची असेल तर स्वस्तातलीच घ्या, असा सल्लाही दिला. असा सल्ला देणारे माणूस समोर असणे हेच मला दुकानाचे खरे बळ वाटते.

आहेराच्या साड्यांतही दुकानच सरस ठरले. एकाच दरातल्या, पण वेगवेगळ्या रंगांच्या साड्यांचा गठ्ठा निवडणे, मानपान पाहून त्यांतल्या काही बदलणे, गुळेदगुड्डचा खण जोडीला लावून पाहणे, फॉल-पिकोला तिथूनच देणे ही कामे एका बैठकीत झाली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांशी मराठीत आणि शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलत दुकानदार सगळ्यांना सांभाळून घेत होता. शिवाय शेजारच्या वडगाव, खासबागेत मागांवर पिढ्यान्पिढ्या काम करणारी कुटुंबे आहेत. त्यांचा माल या पेढ्यांमधून खपतो, म्हणून येथील गर्दी ओसरली तर झळ केवळ दुकानदारांना बसणार नाही.

तरीही लोक मोबाइलकडे का वळतात, हे या बाजाराने प्रामाणिकपणे पाहायला हवे. बऱ्याच दुकानांत साडीवर किंमत लिहिलेली नसते, आणि घासाघीस न जमणारे गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन जाते. आम्ही गेलो त्यांपैकी एका दुकानात पक्के बिल मागितल्यावर टाळाटाळ झाली, आणि मिळाले तेव्हा त्यावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले होते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. ऑनलाइन विक्रीसाठी 2020 मध्ये वेगळे नियम आले आणि परतीच्या अटी, एकूण किंमत, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ग्राहकाला दाखवणे बंधनकारक झाले. मुलींनी ती फसवी इरकल परत पाठवली तेव्हा कोणी वाद घातला नाही आणि पैसेही खात्यात जमा झाले. हा विश्वास मिळाल्यामुळेच त्या पुन्हा तिथे खरेदी करतील, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

रोजच्या वापराच्या, ठरावीक कंपनीच्या साध्या साड्यांसाठी शहापूरला जाण्याचा आग्रह मी कोणाला करणार नाही. इरकल, लग्नाचा शालू आणि आहेर यांसाठी मात्र येथेच यावे, शक्यतो लग्नसराईच्या आधी आणि सकाळी, म्हणजे दुकानदाराला घड्या उलगडायला सवड मिळते. हातमागाची साडी घेताना पदराची जोडणी उलट्या बाजूने पाहावी, आणि बिलावर ‘हातमाग’ असे स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.