महाकाल आणि अचल : दोन मूर्ती, दोन राग

तिबेटमधला षड्भुज महाकाल आणि जपानचा फुदो म्योओ, म्हणजे संस्कृतातला अचल. दोघेही बौद्ध देवता, दोघेही उग्र, दोघांच्या मागे ज्वाळा. पण राग वेगळा.

महाकालाच्या छातीपाशी नीट पाहा. एका हातात कर्तरी, म्हणजे वाकडी सुरी, तिच्याखाली कवटीचं पात्र. कर्तरी अहंकार कापते. मुकुटातल्या पाच कवट्या म्हणजे पाच ज्ञानांत पालटलेले पाच क्लेश, म्हणजे मनाचे विकार. पायाखाली गजमुख विनायक दिसला की मराठी मन चरकतं, मीही चरकलो होतो. तिथे तो विघ्नाचं रूप आहे, हे कळल्यावर नजर स्थिरावते. आणि हा महाकाल अवलोकितेश्वराचं, म्हणजे करुणेचंच रूप!

अचलाच्या उजव्या हातात तलवार, डाव्या हातात पाश. तलवार अज्ञान तोडते, पाश भरकटलेल्याला ओढून आणतो. क्योतोच्या तोजी मंदिरातला ८३९ सालचा अचल दोन्ही डोळे वटारून बसलाय. नंतरच्या अनेक मूर्तींत एक डोळा अर्धमिटला, एक सुळा वर, एक खाली. डाव्या खांद्यावर एकच वेणी.

मला अचल जास्त भिडतो. महाकाल पायाखाली चिरडतो. हा खडकावर बसून राहतो, जागचा हलत नाही.