क्लब हाऊसमधलं यूव्ही मशीन : सोळा महिने, एक बझर आणि माझी फजिती

२२ मेच्या सकाळी टीटीच्या हॉलमध्ये छताजवळून पीं-पीं सुरू झालं. मुलांचं उन्हाळी शिबिर चालू होतं. एक पोरगा दर सर्व्हिसला दचकून बॉल नेटमध्ये घालत होता आणि त्याची आई मला फोन लावत होती. मी सोसायटीचा खजिनदार, म्हणजे इथे जे काही वाजतं, गळतं किंवा बंद पडतं ते माझं. शिडी लावून पाहिलं तर एसीच्या डक्टवर (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यावर) बसवलेल्या, अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या यूव्ही मशीनचा बझर. ट्यूब किती तास जळली ते मोजणाऱ्या अवर मीटरवर आकडा ९०००. शेजारी लाल अक्षरांत ‘लॅम्प बदला’.

मशीन बसवलं १२ मे २०२४ ला. ट्यूबचं आयुष्य ९,००० तास, हे मला पाठ होतं, कारण त्याच आकड्यावर मी कमिटीत हा खर्च मंजूर करून घेतला होता. एसी सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते दहा, म्हणजे दिवसाला साडेआठ तास. ९,००० भागिले साडेआठ, जवळजवळ तीन वर्षं. आणि हे एका वर्षात वाजायला लागलं? दोन ट्यूब, प्रत्येकी ३,९००, वर जीएसटी, म्हणजे ९,२०४ रुपये. माझ्या हिशोबाने ट्यूब फार तर ३,२०० तास चालल्या होत्या. मीटर खोटं पळतंय आणि कंपनी त्यावर धंदा करतेय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मुळात हे घेतलं का, तर भजनी मंडळामुळे. टीटीचा हॉल आणि त्याला लागून जिम, दोन्हीला मिळून एकच डक्टेबल एसी. दर गुरुवारी त्याच हॉलमध्ये मंडळाचा सराव असतो. आमच्या सेक्रेटरींनी एका सभेत अमेरिकेतल्या गायनवृंदाचा किस्सा वाचून दाखवला : १० मार्च २०२०, वॉशिंग्टन राज्यातलं माउंट व्हर्नन, अडीच तासांचा सराव, हजर ६१ जण, त्यांतले ५३ कोविडने आजारी आणि दोघांचा मृत्यू. बंद खोलीत मोकळ्या गळ्याने गायलं की हवेत काय काय तरंगतं, हे ऐकल्यावर मंडळातल्या काकू एकदम गप्प झाल्या. ठराव पास.

विकायला आलेल्या मुलाने ‘सर, संसदेतसुद्धा हेच आहे’ असं ठोकून दिलं. जुलै २०२१ मध्ये डक्टमध्ये बसवायची यूव्ही-सी (जंतू मारणारे अतिनील किरण) यंत्रणा संसदेसाठी जाहीर झाली होती हे खरं, पण ते तंत्रज्ञान सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या चंडीगडच्या प्रयोगशाळेचं, ह्याच्या कंपनीचं नव्हे. ते मी त्याला सांगितलं आणि दोन हजार कमी करून घेतले. त्याच्याकडे ओझोन सोडणारं मॉडेलही होतं, ‘पावसानंतरच्या हवेसारखं फ्रेश वाटतं’ म्हणे. बी विंगमधल्या डॉक्टर वहिनी तिथेच होत्या. १८५ नॅनोमीटरचा किरण हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन बनवतो, जिममध्ये धापा टाकणाऱ्या माणसाच्या छातीत तो कशाला घालायचा, असं म्हणून त्यांनी ते तिथेच निकालात काढलं. आपल्याला २५४ नॅनोमीटरचं साधं, ओझोन न करणारं मॉडेल पुरे.

बसवणावळ कंपनी ४,५०० मागत होती. आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन ८०० मध्ये तयार झाला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याने पहिल्याच दिवशी पराक्रम केला. झाकण उघडलं की ट्यूब बंद करणारा स्विच असतो, तो त्याने टेप लावून दाबून ठेवला आणि आत डोकावून ‘पेटली का’ ते पाहिलं. दुपारी काही झालं नाही. रात्री दहाला फोन, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय, पाणी थांबत नाही. यूव्ही-सीचा त्रास असाच काही तासांनी उठतो. दोन दिवसांनी डोळे बरे झाले. टेप मी स्वतः काढली.

आता भांडण. पहिल्या फोनला तिकीट नंबर मिळाला, दुसऱ्याला तोच नंबर, तिसऱ्याला ‘तुमचं तिकीट बंद झालंय’. मी एक्सेलची शीट जोडून मेल केला : एसीच्या वेळा, सुट्ट्या, एकूण तास, सगळं. उत्तर आलं, मीटर चोकबरोबर चालतं, चोक चालू तर मीटर चालू. मी लिहिलं, मग चोक एसीबरोबर बंद होतो की नाही ते येऊन बघा. म्हणाले, व्हिजिट चार्ज ५९० रुपये. मी म्हटलं, ग्राहक मंचात भेटू.

त्यातच मला आणखी एक मुद्दा सापडला होता. मशीनला तपासणीची छोटी काच आहे, तिच्यातून निळा उजेड अगदी पहिल्या दिवसासारखा ठणठणीत दिसत होता. ट्यूब जळतेय तर बदलायची कशाला? हा माझा हुकमाचा पत्ता, आणि तो डॉक्टर वहिनींनी हाणून पाडला. जंतू मारणारा किरण डोळ्याला दिसतच नाही. दिसतो तो पाऱ्याच्या वाफेचा इतर उजेड. साध्या काचेतून २५४ वाला किरण बाहेरही येत नाही, म्हणून तर त्या काचेला डोळा लावून मी शाबूत आहे. ट्यूब जुनी होते तसा आतला खरा मारा कमी होत जातो आणि निळा रंग मात्र तसाच राहतो. म्हणून तासच मोजायचे. पटलं. पण तास खोटे आहेत, हे माझं पालुपद कायम.

शेवटी पुरावा गोळा करायचा म्हणून एका रात्री साडेअकराला किल्ली घेऊन खाली गेलो. एसी बंद, हॉल अंधारात. मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, ‘आज तारीख अमुक, एसी बंद आहे, बघा,’ असं बोलत कॅमेरा वर नेला.

काचेत निळा उजेड.

आमचा वॉचमन मागे टॉर्च घेऊन उभा होता. म्हणाला, “काका, ते रोजच असतंय की रातभर. मला वाटलं, नाइट लॅम्प हाय.”

वर्षभर त्या माणसाला माहीत होतं. मलाच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पॅनेल उघडलं तर आठशे रुपयांच्या कारागिराने मशीनची वायर एसीच्या कॉन्टॅक्टरवरून (एसीबरोबर चालू-बंद होणाऱ्या स्विचवरून) न घेता इमर्जन्सी लाइटच्या एमसीबीवरून घेतली होती, जो कधीच बंद होत नाही. ९,००० भागिले २४ म्हणजे ३७५ दिवस. १२ मे २०२४ पासून ३७५ दिवस मोजा, बरोबर २२ मे २०२५ येतो. मीटर एका दिवसानेसुद्धा चुकलं नव्हतं. वाया गेलेली वीज वेगळीच : दोन ३६ वॉटच्या ट्यूब, चोकसकट ८० वॉट धरा, रोजचे साडेपंधरा तास जास्तीचे. ३७५ दिवसांत साधारण ४६५ युनिट, आमच्या दराने साडेपाच हजारांच्या वर. बसवणावळीत वाचवलेले ३,७०० धरूनही मी तोट्यात. तो व्हिडिओ डिलीट केला आहे.

इथपर्यंतचा रिव्ह्यू लिहून दोन तारे देऊन थांबणार होतो. पण ७ जूनला नव्या ट्यूब टाकायला कंपनीचा माणूस आला (व्हिजिट चार्ज भरला, निमूट). त्याने ब्लोअरचं पॅनेल उघडलं आणि एसीची कॉइल (हवा थंड करणारी नळ्या-पत्र्यांची जाळी) पाहून मला हाक मारली.

ज्यांच्याकडे डक्टेबल एसी आहे त्यांना पावसाळ्यातला तो वास सांगायला नको. सकाळी एसी लावला की पहिली दहा मिनिटं ओल्या गोणपाटासारखा कुबट भपका येतो. कॉइलच्या पत्र्यांवर पाणी साचतं, त्यात धूळ बसते आणि त्यावर बुळबुळीत थर धरतो. आम्ही दर वर्षी केमिकल वॉशचे साडेसहा हजार मोजायचो. या वेळी कॉइलचा ॲल्युमिनियम चक्क चमकत होता, खालचा ट्रे कोरडा पडला होता तिथे नखाने खरवडून पाहिलं तर काळं काही निघेना. तेव्हा आठवलं, २०२४ च्या जुलैत, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि आमच्या सिंहगड रोडवर हाहाकार उडाला त्या आठवड्यातही, हॉलमध्ये कुबट वास नव्हता. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. वास येतो तेव्हाच लोक फोन करतात.

टेक्निशियनने जे समजावलं ते विकणाऱ्याने कधीच सांगितलं नव्हतं. डक्टमधली हवा सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाने पळते. ट्यूबसमोरचा टप्पा जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे हवेतल्या जंतूला एका फेरीत पाव सेकंदसुद्धा मिळत नाही. हवा पुन्हा पुन्हा फिरते म्हणून थोडा थोडा फायदा साठत जातो, एवढंच. कॉइल मात्र जागची हलत नाही. तिच्यावर मारा अखंड पडला तर बुरशीला डोकं वर काढायला उसंतच नाही, आणि तिचा खरा वेळ रात्रीचा, एसी बंद आणि कॉइल ओली असते तेव्हाचा. शिवाय ट्यूब दिवसातून अनेकदा चालू-बंद केली तर तिचं आयुष्य घटतं ते वेगळंच. म्हणजे ज्या चुकीवर मी दोन आठवडे भांडलो, कॉइल धुवायचे साडेसहा हजार तिनेच वाचवले. इलेक्ट्रिशियनला हे अजून सांगितलेलं नाही, बिल वाढवेल.

त्याच चुकीचं दुसरं फळही सांगतो. फेब्रुवारीपासून टीटीच्या टेबलावर काळे कण पडायचे, मिरीच्या चुऱ्यासारखे. आम्ही उंदरांना दोष देत होतो. निघालं ते डक्टच्या आतलं काळं नायट्राइल रबरचं इन्सुलेशन. यूव्ही-सीखाली रबर आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. ट्यूबच्या आसपासचा दीड-दोन फूट भाग बोट लावताच भुरभुरत होता. एका वायरचं आवरणही पिवळं पडून तडकलं होतं. आता तिथे ॲल्युमिनियम फॉइल टेप लावली आहे, वायर धातूच्या नळीतून नेली आहे. हे बसवतानाच करायला हवं होतं. तुमच्याकडे मशीन असेल तर आजच आत बघा. आधी मेन स्विच बंद करून.

राहिला मूळ प्रश्न, हवा सुधारली का? डॉक्टर वहिनींनी त्यांचं कार्बन डायऑक्साइडचं मीटर जिममध्ये ठेवलं. संध्याकाळी सातला चौदा माणसं, आकडा १,६५० (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग; जितका जास्त तितकी हवा कोंदलेली). बाहेर पार्किंगमध्ये ४३०. यूव्ही चालू ठेवा नाहीतर बंद, आकड्यात काडीचा फरक नाही, कारण हा एसी तीच हवा फिरवत राहतो आणि यूव्ही ना कार्बन डायऑक्साइड काढतो, ना धूळ, ना घामाचा वास. मग २,२०० रुपयांचा एक्झॉस्ट फॅन लावला, समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली. आकडा ८५० वर आला. टीटीवाल्यांनी बॉल वाऱ्याने वळतो म्हणून कुरकुर केली, तेव्हा फॅन जिमच्या भिंतीवर हलवला. भजनी मंडळाच्या दिवशी मात्र दोन्ही हॉलच्या खिडक्या सताड. काकूंचा सर्दी-खोकला कमी झाला का, हे मला विचारू नका. त्या हो म्हणतात, पण त्या नव्या तबलजीबद्दलही हेच म्हणतात.

सध्या मशीन चोवीस तास चालू आहे, आता रीतसर ठराव करून, त्याच एमसीबीवर. कंपनीला ‘मीटर बरोबर होतं’ असा एका ओळीचा मेल मी पाठवला. उत्तरात एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, कोटेशन आलं. ते घेतलेलं नाही. ट्यूब मी स्वतः बदलणार आहे : मेन बंद, हातमोजे, क्वार्ट्झच्या काचेला उघड्या बोटांचा तेलकट डाग लागू द्यायचा नाही, लागला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून त्या कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-कचरावाल्याकडे दिल्या.

त्या बझरला मात्र मी माफ केलेलं नाही. ९,००० तासांनंतर तो दर मिनिटाला वाजतो, बंद करायचं बटण नाही, आवाज कमी करायची सोय नाही. एवढ्या महाग मशीनला दहा रुपयांचं बटण देता आलं नाही? त्याच्या भोकावर मी औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन थर लावलेत. २०२६ चं कालनिर्णय घरी आलं की १७ जूनला गोल करायचा आहे.