भेगाळ तेलसाठ्यात खोदकाम: जास्त दाब ठेवावा की कमी?

नेहमीच्या पद्धतीत विहिरीतल्या मडचा (खोदताना पाइपातून फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवाचा) दाब साठ्याच्या दाबापेक्षा जास्त ठेवतात. त्यामुळे तेल-वायू उसळत नाही. सच्छिद्र वाळूखडकात मडचा लेप भिंतीवर बसतो आणि गळती थांबते. रुंद भेगांवर मात्र तो लेप धरत नाही. मड घनकणांसकट आत शिरतो, आणि ज्या वाटेने तेल यायचं तीच बुजते. दाब उतरलेल्या साठ्यात तर साधं पाणीही जड पडतं: ३००० मीटरवर त्याचा स्तंभ सुमारे २९४ बार दाब देतो.

अंडरबॅलन्स्ड पद्धतीत, बहुधा द्रवात नायट्रोजन वायू मिसळून, हा दाब साठ्याच्या दाबापेक्षा खाली आणतात. प्रवाह साठ्याकडून विहिरीकडे होतो, भेगा मोकळ्या राहतात. पण दाब सतत खाली राहिला तरच! नवा पाइप जोडताना पंप थांबतो, वायू आणि द्रव वेगळे होतात, आणि पुन्हा सुरू करताना दाब उसळतो. तेवढ्या वेळात द्रव आत घुसला, तर अडवायला भिंतीवर लेपच नसतो. नुकसान जड मडपेक्षाही जास्त होऊ शकतं. शिवाय केशाकर्षणाने पाणी दाबाविरुद्धही खडकात मुरतं. दाब फारच उतरवला तर भेगा मिटतात, भिंत ढासळते.

माझा कौल कमी दाबाकडे आहे, मात्र तळाचा दाब पाइप जोडतानाही मोजता येत असेल तरच. वायूमिश्रित द्रवात मड-पल्स संदेश (तळाची मोजमापं द्रवातल्या दाबाच्या ठोक्यांनी वर पाठवणारे) नीट पोहोचत नाहीत, म्हणून त्याऐवजी विद्युतचुंबकीय यंत्रणेचा विचार आधीच करावा. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त असेल तिथे मी जड मडच निवडेन.