लंडनला गावाकडचे पाहुणे आले तर फिरवायचं कशातून: टुरिस्ट बस, साधी लाल बस का बोट?

एप्रिल संपत आला की परभणी-नांदेडकडून मेसेज सुरू होतात, इकडं ऊन लै वाढलंय, पोरांना सुट्ट्या लागल्यात, आम्ही यायलोत, दोन दिवसांत लंडन दाखव. दाखवायचं काय हे तर ठरलेलंच असतं, बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाडा, कोहिनूर. डोकं लावायचं ते फिरवायचं कशातून इथं, कारण खर्च, गुडघे आणि संध्याकाळची चिडचिड सगळं त्यावरच अवलंबून.

वरून उघडी टुरिस्ट बस आधी घेऊ, कारण पाहुण्यांनी तीच फोटोत बघितलेली असते. माणशी तीस पौंडांच्या वरच जातात, चौघं असले तर रुपयांत हिशोब करू नका म्हणावं (करतातच, आणि मोठ्यानं करतात). फायदा एकच पण खरा आहे, तिकीट काढलं की दिवसभर कुठंही उतरा कुठंही चढा, रस्ता शोधायची कटकट नाही. सोबत सासू-सासरे असतील, चालणं होत नसेल, किंवा तुम्हाला सुट्टीच मिळाली नसेल आणि पाहुण्यांना एकटं सोडायचं असेल तर बिनधास्त हीच घ्या. बाकी कानात कॉमेंट्री भराभर चालते, पाऊस आला की सगळे खाली पळतात, आणि ट्रॅफिकमध्ये ती पण इतर बससारखीच अडकते.

माझं मत साध्या लाल बसला. २०२५ ला १.७५ पौंड भाडं होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, परत पैसे कटत नाहीत. १५ नंबर पकडा, ट्राफल्गार स्क्वेअरकडून निघून फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवर ऑफ लंडनपर्यंत नेते, म्हणजे टुरिस्ट बसच्या रस्त्याचा चांगला तुकडा साध्या बसच्या भाड्यात. वरच्या मजल्यावरची एकदम पुढची सीट मिळाली की पोरं गप बसतात आणि मोठी माणसं पोरांसारखी करायला लागतात. फक्त दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा, बसमध्ये रोख चालतच नाही आणि एका कार्डावर दोघं चढू शकत नाहीत, ११ वर्षांखालची पोरं सोडली तर प्रत्येकाला वेगळं काँटॅक्टलेस बँक कार्ड नाहीतर इथलं ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड लागतं. हे भारतातून निघायच्या आधी बँकेत विचारून घ्यायला लावा, इथं बसच्या दारात उभं राहून नको.

टॉवरला उतरलात की आत जायचं का नाही हा वेगळा वाद. तिकीट महाग आहे पण कोहिनूर तिथंच आहे, राणी एलिझाबेथच्या आईच्या मुकुटात, आणि गावाकडं गेल्यावर पहिला प्रश्न तोच येणार, त्यामुळं तिथं कंजूषपणा नको.

बोट ही बसची बदली म्हणून नाही, अर्धा दिवस हातात असेल तर. वेस्टमिन्स्टरला बसायचं, टॉवर ब्रिजखालून जायचं (१८९४ चा पूल, मोठं जहाज आलं तर अजून उघडतो), ग्रिनिचला उतरायचं. बसपेक्षा बरीच महाग पण टुरिस्ट बसपेक्षा स्वस्त, आणि ट्रॅफिक नाही. ग्रिनिचच्या टेकडीवर शून्य रेखांश, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढं म्हणतात ते तिथूनच. उन्हाळ्यात मात्र फरक साडेचारच राहतो कारण इथले लोक घड्याळ एक तास पुढं करतात, हे पाहुण्यांना घरी फोन लावायच्या आधी सांगा. तिथल्या ऑब्झर्व्हेटरीला (वेधशाळेला) तिकीट आहे, बाहेरच्या बागेतून दिसणारं लंडन फुकट.

उंचीवरून बघायचंय तर लंडन आय हा नदीकाठचा मोठा पाळणा १३५ मीटरचा, अर्ध्या तासाचा फेरा, पैसे चांगलेच लागतात. स्काय गार्डन (उंच इमारतीच्या माथ्यावरची बाग) त्याहून उंच आणि फुकट, फक्त आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं आणि जागा पटापट भरतात. लहान पोरं असतील तर आय, नाहीतर मी स्काय गार्डनच म्हणेन.

संभाजीनगरचे पाहुणे असले तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला अजिंठा कुठंय म्हणून विचारतील. रॉबर्ट गिल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लेण्यांतल्या चित्रांच्या ज्या नकला केल्या त्यातल्या बहुतेक इथल्या क्रिस्टल पॅलेसच्या १८६६ च्या आगीत जळाल्या, मग जॉन ग्रिफिथ्स या चित्रकारानं मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन परत केल्या तर त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या या म्युझियमकडं आहेत पण सहसा मांडलेल्या नसतात, त्यासाठी म्हणून नेऊ नका. टिपू सुलतानाचा लाकडी वाघही याच म्युझियमकडं आहे, मांडलाय का ते आधी बघून घ्या, एंट्री फुकट.

आणि एक जागा टुरिस्ट बस आणि बोट दोन्हींत बसत नाही. १० किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब १९२१-२२ ला राहायचे ते घर, २०१५ ला महाराष्ट्र सरकारनं घेतलं. टुरिस्ट बसवाले तिकडं नेत नाहीत, बोट तर नाहीच. ज्यांच्या घरातलं कुणी बाबासाहेबांनी काढलेल्या संभाजीनगरच्या मिलिंद कॉलेजात शिकलंय त्यांना कोहिनूरपेक्षा हे आधी बघायचं असतं, अशा वेळी बिग बेन दुसऱ्या दिवशी ढकला. ट्यूबनं (भुयारी रेल्वेनं) चॉक फार्मला उतरून थोडं चालायचं, उघडं असायची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवायची, आणि घर बघून झालं की जवळच प्रिमरोझ हिल आहे, डबा तिथं गवतावर उघडा.