खिशात जामीनपत्र होतं आणि मी अटकपूर्व जामिनाचे 45,000 मोजले

एकूण 1,63,500 रुपये, मुलाच्या अपघाताच्या केसमध्ये एका तोतया वकिलाला दिलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण इतके महिने नातेवाइकांना मी तो कमी करून सांगत आलो. कुणाला पन्नास हजार सांगितले, कुणाला ऐंशी. खरा आकडा हा आहे. पहिल्या रात्रीचे 15,000, अटकपूर्व जामिनाचे 45,000, जखमीच्या घरच्यांशी समझोता करायचे 60,000, केस बंद करायचे 35,000, आणि टायपिंग, तिकीट, झेरॉक्स म्हणून तीन वेळा मिळून 8,500.

17 नोव्हेंबर 2024, रविवार. मुलगा मित्राच्या लग्नाहून उमरेड रोडने नागपूरला परत येत होता. रात्रीचे पावणेदहा झाले असतील. दिघोरीच्या अलीकडे एका सायकलवाल्याला आमच्या गाडीची धडक बसली. माणसं धावली, कुणीतरी मागच्या काचेवर दगड घातला आणि मुलाने गाडी पळवली. ते चुकलं. मी बाप आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. पण दोन किलोमीटरवर थांबून त्याने मला फोन केला आणि दीड तासाच्या आत मी स्वतः त्याला घेऊन ठाण्यात हजर झालो, हेही तेवढंच खरं. मोटार वाहन कायद्याच्या 134 कलमात जमावाच्या रागामुळे थांबता आलं नाही तर त्याचा विचार केलेला आहे, आणि जास्तीत जास्त चोवीस तासांत पोलिसांना कळवायला सांगितलेलं आहे. हे मला आज माहीत आहे. त्या रात्री डोक्यात फक्त 'हिट अँड रन' एवढंच घुमत होतं.

मुलाला आत बसवलं. मी बाहेर पानठेल्याजवळ उभा होतो, घशाला कोरड पडली होती. तिथे तो भेटला. पांढरा शर्ट, काळी पँट, दुचाकीवर वकिलाचं चिन्ह. मी काही बोलायच्या आधीच त्याला गाडीचा नंबर माहीत होता, जखमीला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलंय हेही माहीत होतं. मला वाटलं, केवढी याची पोच! आतून कुणीतरी त्याला फोन केला असणार, हा साधा विचार तेव्हा सुचला नाही.

"काकाजी, टेन्शन नका घेऊ. पण केस लय हेवी आहे. नवीन कायदा आहे हा. दहा वर्षं अन् सात लाख दंड. ट्रकवाल्यांनी संप काहून केला होता मग?"

तो संप मला आठवत होता. जानेवारी 2024 मध्ये पेट्रोलसाठी मी स्वतः रांगेत उभा राहिलो होतो, आणि दहा वर्षं, सात लाख हे आकडे त्या रांगेतच ऐकले होते. म्हणून ते चटकन खरे वाटले. आता नीट सांगतो, ऐका. दहा वर्षांचं ते कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 106(2). माणूस मेला आणि चालक न कळवता पळाला तरच त्याचा प्रश्न येतो. सात लाखांचा आकडा तर त्या कलमात नाहीच. आणि 1 जुलै 2024 ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा सरकारनेच ते कलम बाजूला ठेवलं होतं.

आमचा जखमी जिवंत होता. रात्री साडेबाराला मी मेडिकलच्या अपघात विभागात जाऊन त्याला पाहून आलो होतो. डाव्या मांडीचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर होता, माझ्याकडे पाणी मागितलं त्याने. त्याला बघून परत आलो आणि मृत्यूच्या कलमाच्या भीतीने 15,000 रुपये काढून दिले. घरी एवढेच रोख होते, मुलाच्या आईने डब्यातून काढून दिले.

पहाटे दोन वाजता मुलाला सोडलं. त्याआधी मेडिकलला नेऊन रक्त घेतलं होतं, दारूचा प्रश्नच नव्हता, तो पीत नाही. हवालदाराने एक छापील कागद पुढे केला, "काका, इथे सही करा अन् पोराला घेऊन जा." जामीनदार म्हणून सही माझीच. मी बाहेर आलो तर तो उभाच होता, हात जोडून म्हणाला, "बोललो होतो ना, साहेबांशी बोलणं झालं आपलं." मी त्याच्या पाया पडायचा बाकी राहिलो होतो.

आता त्या कागदाबद्दल. तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे. त्यावर हाताने कलमं लिहिली होती: भारतीय न्याय संहितेची 281 आणि 125(ब), मोटार वाहन कायद्याची 184, 134 आणि 187. खाली छापलं होतं, "गुन्हा जामीनपात्र असल्याने". जामीनपात्र. स्वच्छ मराठीत. मी एका शाळेत एकतीस वर्षं कारकून म्हणून काम केलं. सेवापुस्तिकेतली एका अक्षराची चूक मी पकडत असे. तो कागद चार घड्या करून मी शर्टाच्या खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून, तोच कागद छातीशी घेऊन, कोर्टाबाहेरच्या चहाच्या ठेल्यावर बसून अटकपूर्व जामिनासाठी 45,000 रुपये मोजले.

जामीनपात्र गुन्ह्यात अटकपूर्व जामीन लागतच नाही. त्या गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे, पोलिसांनीच ठाण्यात द्यायचा असतो, आणि तो आम्हाला रात्रीच मिळाला होता. मिळालेली गोष्ट मी पुन्हा विकत घेतली. किती वेळा मनात येतं, तो कागद एकदा बाहेर काढला असता, टेबलावर ठेवला असता आणि विचारलं असतं की बाबा, हे काय लिहिलंय? एक मिनिट. एवढंच लागलं असतं.

कुणी म्हणेल, एवढा शिकलेला माणूस. हो, शिकलेला आहे. पण दोन रात्री झोप नव्हती, मुलगा जेवत नव्हता, त्याची आई रडत होती. शिवाय घाई होती. बुधवारी, 20 तारखेला, विधानसभेचं मतदान होतं. "बुधवारी कोर्ट बंद राहते काकाजी. मंगळवारी ऑर्डर नाही झाली तर पोट्ट्याला मतदानाच्या दिवशी उचलतील, मग गुरुवारपर्यंत आत." अशा वेळी माणूस कलम वाचत नाही, एटीएम शोधतो. ज्याच्यावर वेळ आली नाही त्याने मला शहाणपण शिकवू नये.

मंगळवारी संध्याकाळी मोबाइलवर ऑर्डरचा फोटो आला. गोल शिक्का, सही, अर्ज क्रमांक. मूळ प्रत त्याच्याकडेच राहणार म्हणे. तुम्हाला कुणी आदेशाचा नुसता फोटो दाखवला तर तिथेच उठा. ई-कोर्ट्सचं अॅप फुकट आहे, प्रकरण क्रमांक किंवा पक्षकाराचं नाव टाका, अर्ज दाखल झाला का, तारीख कोणती, सगळं दिसतं.

पुढचे 60,000 देताना मात्र मी मनापासून दिले. तो म्हणाला, जखमी गरीब आहे, घरचा कमावता आहे, भावाशी बोललो, साठ हजारात मानतात. मी मुदत ठेव मोडली. मला वाटलं, पैसे योग्य जागी चालले. मी स्वतः भेटायला जातो म्हटल्यावर त्याने घाबरवलं, "साक्षीदारावर दबाव आणला म्हणून दुसरी केस लागेल." विमा कंपनीलाही कळवू नका म्हणाला, "रेकॉर्डवर नाव येते." हा सल्ला सर्वात घातक. तिसऱ्या पक्षाचा विमा असतो तो याचसाठी. जखमीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा केला की भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येते, आणि कंपनीला अपघात कळवणं हे चालकाचं कायद्यानेच ठरवलेलं काम आहे. मी तीन आठवडे कळवलं नाही.

35,000 'बी समरी'चे. केस बंद होते म्हणाला, मी दिले. यावर जास्त लिहायची ताकद नाही.

8 डिसेंबरला जखमीचा भाऊ घरी आला. भांडायला नाही. दारात चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, तुमच्याकडून कोणी फिरकलंच नाही. रॉड टाकलाय, घरी आणलंय, औषधाला जड जाऊन राहिलं." मी म्हटलं, साठ हजार? तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला एक रुपयाही मिळाला नव्हता. माझ्या नावाने त्याच्या घरी कुणी गेलंच नव्हतं. माझे पैसे गेले ते गेले, पण तीन आठवडे तो माणूस समजत होता की पोराला वाचवलं आणि आमच्याकडे पाठ फिरवली. ही लाज अजून उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. तिथे आधी का गेलो नाही? कारण मला वाटायचं, ते फक्त गरिबांसाठी आहे. मोफत वकील मिळायला माझ्यासारख्याला उत्पन्नाची अट आहे, पण सल्ला विचारायला कुणी पैसे मागत नाही. 15100 वर फोनही करता येतो. तिथल्या तरुण वकील बाईंनी पाच मिनिटांत सगळं उलगडलं. ऑर्डरवर कलमं होती जुन्या भारतीय दंड विधानाची, 279 आणि 338, आणि घटना नोव्हेंबर 2024 ची, म्हणजे नवी संहिता लागू झाल्यानंतरची. अर्ज क्रमांक निघाला कुणाच्यातरी चेक बाउन्सच्या प्रकरणाचा. बी समरी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी होती, असा पोलिसांचा अहवाल. हाड मोडलेल्या माणसाची तक्रार खोटी कशी ठरणार, काका? मग म्हणाल्या, त्याचा सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर द्या. माझ्याकडे नव्हता. मी कधी मागितलाच नव्हता. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे प्रत्येक वकिलाची नोंद असते. तो वकील नव्हताच.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या ठाण्यात सांगितलं, पैसे कोर्टाजवळ दिले ना, मग तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे गेलो तर म्हणाले, घटना तिकडची आहे, तिकडेच जा. नव्या कायद्यात हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही, हे मी छापून घेऊन गेलो होतो. बघितलंसुद्धा नाही. "पावती आहे का?" 1,63,500 पैकी 80,000 यूपीआयने गेले होते, एका बाईच्या नावाच्या खात्यात. बाकी रोख. "मग हा दिवाणी मामला आहे." बनावट कोर्टाचा शिक्का दिवाणी मामला कसा होतो? तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा 16 डिसेंबर उजाडला होता. "अधिवेशन सुरू आहे, सगळा स्टाफ बंदोबस्तात. संपू द्या." संपलं. मग म्हणे साहेब रजेवर. मग म्हणे, "तुम्ही पण साहेबाला पैसे पोचवायलाच निघाले होते ना?" हे वाक्य चार लोकांसमोर बोलले. मी वकिलाची फी देतोय असं समजून पैसे दिले. पहिल्या रात्री 'साहेबांशी बोलतो' म्हणाला तेव्हा मी नको म्हटलं नाही, ते माझ्याकडे लागतं, पण त्याने तो चोर सुटतो का?

ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 वर फोन केला. उशीर झाला म्हणाले, खात्यातून पैसे पुढे गेले असतील. वकिलांच्या संघटनेत गेलो. तो आमच्या यादीत नाही, मग आमच्याकडे तक्रार कशी घेऊ, म्हणाले. म्हणजे वकील असता तर तिथे तक्रार झाली असती, वकील नाही म्हणून नाही, आणि वकील असल्याचं सोंग केलं हा गुन्हा ज्यांनी नोंदवायचा ते मला हद्द शिकवतात. वरच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलं, 'अर्ज चौकशीवर आहे'. दोन महिन्यांनी विचारलं तर तोच अर्ज फिरून पहिल्या ठाण्यात येऊन पडलेला. आता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करतो आहे, गुन्हा नोंदवण्याचा आदेश मागायला. त्यासाठी पुन्हा वकील लागला, यावेळी सनद बघून, पावती घेऊन.

मार्चमध्ये मुलाला समन्स आलं. दोषारोपपत्र दाखल झालंय, केस रीतसर चालेल. तो घाबरलेला नाही. झालं ते झालं, जे असेल ते भोगीन म्हणतो. विमा कंपनीला उशिरा का होईना, लेखी कळवलं. जखमीच्या भावाला औषधाचे पैसे मी हातात नेऊन देतो, दर महिन्याला, त्याच्या सहीने. याने दावा अडत नाही, हे वकिलांना आधी विचारून घेतलं.

त्या माणसाचा फोन अजून लागतो. मोबाइलवर काळ्या कोटातला फोटोही तोच आहे. नागपुरात अपघाताच्या केसमध्ये कुणाच्या हातात असा जामिनाच्या ऑर्डरचा फोटो असेल तर त्यावरचा क्रमांक आजच ई-कोर्ट्सवर तपासा. खोटा निघाला तर लाज बाजूला ठेवून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मला ठाण्यात शेवटी हेच ऐकवलं, की तुमची एकट्याचीच तक्रार आहे.