खोक्यावरचे स्टिकर आणि बाबांच्या व्हीसीडी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ५५ इंची टीव्ही घेतला. साधा एलईडी, फोरके (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र). खोक्यावर चित्राच्या उजेड-रंगाचे डॉल्बी व्हिजन, एचडीआर १०, आणि वरूनही येणाऱ्या आवाजाचं अ‍ॅटमॉस असे इतके स्टिकर, की कंपनीचं नाव शोधावं लागत होतं. महिनाभरातच, २२ सप्टेंबर २०२५ पासून, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बायकोने त्या बातमीचा पेपर माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला होता, बातमी वर येईल अशी घडी घालून. असो.

सोबत एका मित्राकडून जुना ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) एव्ही रिसीव्हर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आणि ते सहा डबे घेतले, १४ हजारांना. त्याने साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा एकच लांब स्पीकर) घेतला होता, त्याच्या घरी वायरी नको होत्या. नाशिकच्या आमच्या हॉलमध्येही आईला वायरी नको होत्या, पण केसिंगपट्टीतून भिंतीच्या कडेने नेल्यावर विषय संपला.

खरेदीआधी दोन महिने मी एकच प्रश्न घेऊन फिरत होतो: डॉल्बी व्हिजन की एचडीआर १० प्लस? आता ओळखीतलं कुणी घ्यायला निघालं की मलाच विचारतं. फरक असा, की साध्या एचडीआर १० मध्ये अख्ख्या सिनेमासाठी उजेडाचे आकडे एकदाच ठरतात, तर डॉल्बी व्हिजन आणि १० प्लसमध्ये ते प्रसंगागणिक बदलतात. एलजी, सोनीत डॉल्बी व्हिजन मिळतं. सॅमसंगच्या टीव्हीत ते नसतं, तिथे १० प्लस. बरं, पण हे सिनेमे १००० निट्स (उजेडाचं माप) किंवा त्याहून जास्त उजेड धरून तयार केलेले असतात आणि माझ्यासारखा मधल्या किमतीचा एलईडी साडेतीनशे-चारशेलाच दम टाकतो. त्यामुळे कुठलाही स्टिकर असो, रात्रीचे प्रसंग मला काळपटच दिसायचे. शेवटी उपाय सापडला तो वीजबचतीचं सेटिंग बंद करण्यात. ते कारखान्यातूनच चालू आलं होतं! तीन आठवडे मी उगाच पॅनेलला शिव्या घालत होतो.

फोरकेचं तर त्याहून गमतीदार झालं. स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरचे सिनेमे टीव्हीवर आणणारी कांडी) रिसीव्हरला लावली, रिसीव्हर टीव्हीला. नेटफ्लिक्सचा सगळ्यात वरचा प्लॅन, कारण त्याखाली फोरके मिळतच नाही. चित्र छान दिसत होतं. एके दिवशी रिमोटचं माहितीचं बटण सहज दाबलं तर कोपऱ्यात १०८०पी, म्हणजे फुल एचडी. रिसीव्हर एचडीएमआय (चित्र-आवाजाची जोडणी) १.४ च्या काळातला, त्यात एचडीसीपी २.२ हे कॉपी रोखणारं कुलूप नाही. स्टिकला वाटेत ते भेटलं नाही की ती मुकाट्याने फुल एचडीवर उतरते. ना काही सूचना, ना तक्रार. म्हणजे दीड महिना मी फोरकेचे पैसे भरून फुल एचडी बघत होतो आणि पाहुण्यांना ‘बघा, काय क्लॅरिटी आहे’ म्हणत होतो. पाहुणेही हो म्हणत होते.

ते का हो म्हणत होते, हे नंतर कळलं. आमचा सोफा टीव्हीपासून दहा फुटांवर. ५५ इंचांवर साधारण सात फुटांपलीकडे गेलं, की चांगल्या डोळ्यांनाही फुल एचडी आणि फोरकेतला फरक पकडता येत नाही. रंग आणि उजेड लांबूनही कळतात, बारकावा नाही. आता सिनेमा असला की आम्ही सोफा साडेसहा फुटांवर ओढतो आणि संपला की मागे ढकलतो. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून आईने पायांना जुन्या चादरीचे तुकडे बांधलेत.

स्टिक मग सरळ टीव्हीला लावली आणि आवाज एआरसीने, म्हणजे एचडीएमआयच्याच वायरने उलटा, रिसीव्हरकडे परत आणला. लगेच मागचे दोन्ही स्पीकर मुके! मला वाटलं मित्राने गळ्यात मारलं, त्याला फोनवर चार शब्द सुनावलेही. तो शांतपणे म्हणाला, ‘रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहिलंय ते वाच.’ पीसीएम, म्हणजे कॉम्प्रेस न केलेला आवाज, असं लिहिलं होतं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम असेल, तर एआरसीमधून फक्त दोन चॅनल जातात. ते बदलून ऑटो केलं, डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’ उमटलं, आणि मागून पाऊस पडायला लागला. तेव्हापासून खोक्यापेक्षा डिस्प्ले वाचायची सवय लागली. अ‍ॅटमॉस या रिसीव्हरला कळत नाही, ५.१ वर भागतं, आणि खरं सांगतो, छताला स्पीकर लावायची आमच्याकडे कुणाचीच तयारी नाही.

ब्लू-रे प्लेअर मात्र घेऊन फसलो. न्यू जर्सीहून मावसभाऊ येताना तीन डिस्क घेऊन आला, म्हणून सेकंडहँड प्लेअर आणला. एक चालली, दोन नाहीत. ब्लू-रे डिस्कना बऱ्याचदा रीजनचं, म्हणजे जगाच्या भागाचं, कुलूप असतं: अमेरिका रीजन ए, आपण रीजन सी. फोरकेच्या डिस्कना रीजनची भानगड नाही, पण त्या या साध्या प्लेअरमध्ये चालत नाहीत. जी चालली, तिचं चित्र आणि विशेषतः आवाज स्ट्रीमिंगपेक्षा भरीव आहे यात शंका नाही. पण एका डिस्कसाठी प्लेअर! नवशिक्याने या वाटेला जाऊ नये, निदान डिस्क कुठून मिळणार याचा पत्ता लागेपर्यंत.

आणि एवढं सगळं केल्यावर या टीव्हीवर सगळ्यात जास्त काय चालतं? बाबांच्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी. बुटाच्या खोक्यात चाळीसेक आहेत. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके. टीव्हीवर ८३ लाख. एकेका ठिपक्याचे ऐंशीवर ठिपके टीव्हीला मनानेच भरावे लागतात. लांबून घेतलेल्या रंगमंचावर नटाचं तोंड म्हणजे पाच-सहा चौकोन. शार्पनेस शून्यावर आणला आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद केलं, तेव्हा ते बघवेल इतपत मऊ झालं. चित्र चौकोनीच ठेवलं तर बाबा म्हणाले, ‘अरे, एवढा मोठा टीव्ही घेतलास आणि दोन्हीकडे काळे पडदे?’ ताणून दाखवलं तर सगळी मंडळी आडवी सुटलेली. ‘राहू दे पडदे,’ म्हणाले.

जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी वायर टीव्हीला आणि लाल-पांढरी रिसीव्हरला लावली. टीव्ही चित्रावर काम करत बसतो, त्यामुळे आवाज आधी पोचायचा आणि ओठ मागून हलायचे. रिसीव्हरमध्ये आवाज ८० मिलिसेकंद मागे ढकलला, तेव्हा जमलं. पण खरी कमाई रिसीव्हरमधल्या प्रोलॉजिक टू या सेटिंगची. साध्या स्टिरिओतून तो संवाद वेगळे काढून मधल्या स्पीकरला देतो. मधला तीन डेसिबल वाढवला. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं; आधी ते आवाज ३५ वर नेत आणि हशा-टाळ्यांनी शेजारी हैराण होत. आता २२ वर भागतं. १४ हजार इथे वसूल झाले, भले विकत घेताना मनात स्फोट आणि हेलिकॉप्टर होती.

नवा रिसीव्हर, ईएआरसी (एआरसीची नवी आवृत्ती) वगैरे सध्या नको. त्याऐवजी डिस्क खराब व्हायच्या आत नाटकं पेनड्राइव्हवर घेतोय. व्हीसीडीतल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करून तिचं एक्स्टेन्शन एमपीजी केलं, की आमचा टीव्ही ती बिनतक्रार वाजवतो. बारा नाटकं झाली. तेराव्याची दुसरी डिस्क खोक्यात नाहीच, कुणीतरी नेली ती परत आली नाही. पहिली संपते, मधला स्पीकर गप्प होतो आणि पुढचं बाबा सांगतात.