साडेचार पौंडांचा रस्सा

गेल्या रविवारच्या बिलात एक ओळ होती: लँब ग्रेव्ही, १, ४.५० पौंड. ती नसती तर हे लिहायला बसलोच नसतो. मागच्या नोव्हेंबरपासून या हॉटेलात आम्ही पाच वेळा जेवलो, आणि त्यातल्या चार वेळा बाहेर पडताना मी बायकोला म्हणालोय, महाग आहे, पण पैसे वसूल.

नाव लिहीत नाही. लंडनच्या मेफेअर भागातली एक आडगल्ली, भिंतींवर काळपट लाकूड आणि हरणांची शिंगं, कडक इस्त्रीचे पांढरे टेबलक्लॉथ, आणि दारात असा एक माणूस, की अंगात जॅकेट नसेल तर तो काही न बोलताही आपल्याला ते कळतं. या जातीची जुनी हॉटेलं लंडनमध्ये मोजकीच. रूल्स १७९८ पासूनचं. विल्टन्स त्याच्याही आधीचं, १७४२ साली हेमार्केटात कालवं विकता विकता सुरू झालेलं. सिम्पसन्सची ख्याती चांदीच्या घुमटाखाली भाजलेला मोठा तुकडा गाडीवरून टेबलापाशी आणून तिथेच कापून वाढण्याची. आमचं हॉटेल या तिघांपैकी नाही, पण गाडी तशीच येते, आणि ती कडेला लावून म्हातारा वेटर सुरीला धार लावायला लागला की शेजारच्या टेबलांवरचं बोलणंही थांबतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट, कारण आम्हाला कुणी सांगितली नव्हती. तुम्ही बीफ खात नसाल तर नुसतं ‘लँब द्या’ म्हणून भागत नाही. भाजलेले बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग बऱ्याच ठिकाणी बीफच्या चरबीत होतात, तिला ड्रिपिंग म्हणतात. वाफेवरच्या पुडिंगांत सूएट असतं, म्हणजे बैलाच्या गुर्द्याभोवतीची चरबी, आणि ती गोड पुडिंगातही असू शकते. विचारलं की नीट सांगतात, तोंड वाकडं करत नाहीत. आमच्यासाठी बटाटे बदकाच्या चरबीत आणि पुडिंग साध्या तेलात करून दिलं, तेही पहिल्याच खेपेला, आधी न कळवता. त्याबद्दल पूर्ण मार्क.

यॉर्कशायर पुडिंग म्हणजे गोड काही नव्हे, हे आता सगळ्यांना माहीत असेल. मैदा, अंडी, दुधाचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत टाकायचं, की ते फुगून वाटीसारखं होतं. पूर्वी मांसाच्या आधी हेच वाढत, ग्रेव्हीबरोबर, म्हणजे पोट निम्मं भरावं आणि महागाचं मांस सगळ्यांना पुरावं. इतकी काटकसरीची अक्कल ज्या पदार्थात आहे तो मला आवडणारच. पण वाटी आहे म्हटल्यावर ती भरायला नको का?

इथून माझं दुखणं सुरू होतं. ग्रेव्ही येते चांदीच्या चिमुकल्या जगमधून, पाण्याचा असतो तसाच जग, फक्त इवलासा. दिसायला देखणा, नक्षीदार दांडा, चिमणीच्या चोचीसारखी चोच. मेमध्ये आई-बाबा आले होते तेव्हा मी ती चमच्याने मोजली. खिरीला वापरतो तसले चार चमचे, आणि पाचवा अर्धा. बायको दबक्या आवाजात म्हणाली, “अहो, पुरे.” त्या साडेचार चमच्यांत लँबचे तीन जाड काप, चार बटाटे, कोबी आणि एक वाटीएवढं पुडिंग भिजवायचं. बाबांनी जगमध्ये डोकावून बघितलं आणि विचारलं, “ह्यो रस्सा हाय का खोकल्याचं औषद?” आम्ही कोल्हापूरचे. मटणाच्या ताटाबरोबर तांबडा-पांढरा वाटीवर वाटी घ्यायची सवय, मोजून वाढणारा अजून तिथे जन्मायचाय. त्या दिवशी म्हाताऱ्या वेटरला भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. न मागता दुसरा जग आणून बाबांच्या हाताशी ठेवला, आणि बिलात त्याचा पैसा नव्हता. नोव्हेंबरातही मी मागितला होता, तेव्हाही फुकटच.

गंमत बघा, याच हॉटेलात गोडाबरोबर कस्टर्ड येतं ते पाण्याच्या तांब्याएवढ्या जगमधून. अर्धा लिटर तरी असेल. संपलं तर आणखी. म्हणजे ओतायला हात आहे, फक्त तो ग्रेव्हीच्या वेळी आखडतो.

बाकीचं पटकन उरकतो. पॉटेड श्रिंप्स, म्हणजे मोरकॅम बेची बारकी कोळंबी जायपत्रीच्या लोण्यात मुरवलेली: घ्या. पुदिन्याचं सॉस: व्हिनेगर आणि साखर, बायकोच्या मते मिरची विसरलेली चटणी. स्टिल्टन चीज: मला वासाचं जमलं नाही, बाबांनी संपवलं. वाइनची यादी: मी उजवीकडचा आकड्यांचा रकाना वाचून मागवतो, त्यामुळे मत देत नाही.

ग्राउसबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. हा रानपक्षी, मुरमाड डोंगरावरच्या हेदरच्या झुडपांत राहतो, कोंबडीसारखा पाळून वाढवता येत नाही. शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो आणि १० डिसेंबरला संपतो. ऑगस्टअखेरीस गेलो आणि अख्खा पक्षी मागवला, ५२ पौंड. खाली तळलेला पाव, त्यावर त्याच पक्ष्याचं काळीज वाटून लावलेलं, शेजारी बटाट्याचे पातळ काप आणि ब्रेड सॉस. कांदा-लवंग घालून उकळलेल्या दुधात पावाचा चुरा, दिसायला थेट पोस्टरं चिकटवायची खळ. मी नाक मुरडलं. मग ग्राउसच्या कडवट, गडद मांसाबरोबर एक घास घेतला आणि सपशेल हरलो. जे लोक इंग्लिश जेवणाला बेचव म्हणतात त्यांना हा एक घास द्यावा. मीही कालपरवापर्यंत म्हणतच होतो.

तिसऱ्या घासाला कट्‌ असा आवाज आला. ज्वारीच्या दाण्याहून बारीक छर्रा, आणि त्याच्या बरोबर माझ्या दाढेतलं फिलिंग. मेनूत छापलं होतं की पक्ष्यात छर्रे असू शकतात, मी वाचलंही होतं, तेव्हा तक्रार कसली? एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, डेंटिस्टकडे ७५ पौंड ३० पेन्स गेले. त्याबद्दल मनात काही नाही. बंदुकीने मारलेल्या पक्ष्यात बंदुकीचं काहीतरी निघणारच.

पण साडेचार पौंड! रविवारी मी नेहमीप्रमाणे थोडी आणखी ग्रेव्ही मागितली. तरुण वेटर हसून “अर्थात” म्हणाला. ‘अर्थात’चा अर्थ बिलात कळला. वर एकूण रकमेवर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे त्या ग्रेव्हीवर आणखी ५६ पेन्स. मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, लँबची ग्रेव्ही गाडीवरच्या बीफच्या ग्रेव्हीपेक्षा वेगळी, लँबच्याच हाडांचा रस तासन्‌तास आटवून केलेली, थोडीच निघते. हे मला पटलं, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी ती वेगळी करतात हे चांगलंच. पण मग मागताना सांगायला काय झालं होतं? मेनूत आहे, म्हणाला. मी म्हणालो, नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मी म्हणालो, सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे ना, तो काढा. १८८ पौंडांवरचे साडेतेवीस पौंड त्याने कपाळाला आठी न घालता काढले. मी जिंकल्यासारखा बाहेर पडलो.

हे लिहिता लिहिता फोनमधला बायकोने काढलेला गोडाचा फोटो उघडला, त्याच्या कोपऱ्यात मेनू आलाय. मोठा करून बघितलं तर तळाशी, पालकाच्या खाली, बारीक अक्षरात: लँब ग्रेव्ही, ४.५०. नवीन छापलेला मेनू. म्हणजे मॅनेजर खरं बोलत होता. आता एवढं सगळं लिहून झाल्यावर हे कळावं?

दुसरं त्याहून वाईट. ऑक्टोबर २०२४ पासून इथे कायदा आहे की टिप आणि सर्व्हिस चार्जमधला पैसा मालकाला ठेवून घेता येत नाही, सगळा कामगारांत वाटावा लागतो. म्हणजे रागावलो मालकावर, त्याला साडेचार पौंड पोचले, आणि कापले ते बाबांना न मागता जग आणून देणाऱ्याचे आणि त्याच्या जोडीदारांचे.

दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. आता चार देतो. एक कापला तो बारीक अक्षरांसाठी, आणि ग्रेव्हीच्या जगच्या आकारासाठी, जो कुठल्याही कारणाने मला पटणार नाही.

काल ऑफिस सुटल्यावर पाकिटात पंचवीस पौंड घालून गेलो. जॅकेट नव्हतं, त्यामुळे दारातच उभा राहिलो. म्हातारा वेटर बाहेर आला, पाकीट न उघडता खिशात घातलं आणि वडील कसे आहेत विचारलं. मग म्हणाला, फेझंटचा, म्हणजे शिकारीच्या दुसऱ्या एका पक्ष्याचा, हंगाम सुरू झालाय. नोव्हेंबरमधलं दोघांचं टेबल घेऊन आलो. फेझंटबरोबरची ग्रेव्ही किमतीत धरलेली असते की तिचे पैसे वेगळे, हे विचारायचं राहिलं.